पळवणारे पुष्कळ, धरणारा एक

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं आमच्याकडे येणाऱ्याला दारातच सांगितलं जातं. सांगणारी माझी बायको, सुनंदा. कुठलं निम्मं सोडायचं ते मात्र तिलाही नेमकं सांगता येत नाही, आणि माझा धंदा त्याच्यावरच चाललेला आहे. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा ती शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "लिहा की. पण खरं कुठे सुरू होतं तिथे खूण करा, लोकांची सोय होईल." तेव्हा खूण आधीच सांगून ठेवतो: या लेखात एका ठिकाणी माझा आवाज खाली येईल. तिथून पुढे एकही शब्द वाढवलेला नाही.

माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं. कुठे नोकरी केली, कधी बढती मिळाली, ते सांगत बसत नाही. त्यात माझ्याखेरीज कुणाला गोडी नाही. आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या गोदामांत गेलं. कुठला नट कुठल्या फळीवर आहे हे यंत्राला सांगायचं आणि यंत्राने ते माणसाला सांगायचं, असा सगळा कारभार. निवृत्त झालो आणि लोणावळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत आलो. इथे मी चार गडी ठेवले आहेत. चौघेही जेवत नाहीत, झोपत नाहीत, उचल मागत नाहीत आणि दिसतही नाहीत.

समजावून सांगतो. हल्ली प्रोग्राम लिहिणारे मदतनीस यंत्रातच मिळतात. आपण साध्या भाषेत सांगायचं, अमुक करून हवं; ते लिहून देतात. पूर्वी असा एक मदतनीस असायचा आणि त्याच्याशी बोलत बसायचं. आता एकाच खिडकीत कितीही बसवता येतात. माझ्या पडद्यावर डावीकडे एक उभी पट्टी आहे, तिच्यात चार नावं, प्रत्येक नावापुढे एक ठिपका. ठिपका निळा असला तर गडी काम करतोय. पिवळा झाला तर तो परवानगी मागत थांबलाय. हिरवा झाला की काम संपलं. प्रत्येकाला त्याच प्रोग्रामची स्वतंत्र प्रत दिलेली असते, म्हणजे एकाच्या पायात दुसऱ्याचा पाय येत नाही. चार सुतारांना एकाच दाराची चार दारं घडवायला द्यावीत आणि शेवटी कुणाची कडी, कुणाचं बिजागर असं निवडून एक दार चौकटीला बसवावं, तसं. ते बसवायचं काम माझं.

चौघांना मी बैलांची नावं दिली आहेत: वाऱ्या, बादल, गुंड्या आणि हौशा. वाऱ्या लिहितो. बादल पडदे सजवतो, म्हणजे बटण कुठे, रंग कुठला. गुंड्या प्रत्येक गोष्टीची परीक्षा घेतो. हौशा बाकी तिघांचं काम वाचून शेरा मारतो. हे चौघे एकदम पळायला लागले की यंत्र इतकं तापतं, की आषाढात सुनंदा माझे पायमोजे त्याच्या पाठीमागे वाळत घालते. लोणावळ्यात आषाढात भिजलेला पायमोजा एरवी दसऱ्याला वाळतो. आमच्याकडे अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. एकदा तर शेजारच्या काकू दोन शर्ट घेऊन आल्या होत्या.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. बाजारातले एक चिक्कीवाले शेठ आहेत, त्यांच्या मालाचा प्रोग्राम मी करतो. त्यांना ही चार नावं दाखवली तेव्हा ते खुर्ची ओढून बसले.

"हे चौघे बसतात कुठे?"

"बसत नाहीत, शेठ. प्रोग्रामच आहेत ते."

"असू देत. पण माझंच काम करतायत ना आत्ता?"

"तुमचंच."

दुसऱ्या दिवशी शेठ चार पुडे घेऊन हजर. तीन शेंगदाण्याचे, एक काजूचा. "काजूचा त्या वाचणाऱ्याला द्या," म्हणाले, "डोक्याचं काम आहे त्याचं." चौघांच्या वतीने मी ती चिक्की खाल्ली आणि दाढ हलली. तेव्हापासून शेठ आले की आधी पट्टीकडे बघतात आणि हौशाचा ठिपका निळा नसला तर मला विचारतात, "हा आज कामावर नाही का?"

लोक विचारतात, चार-चार जण एकदम पळवता, अवघड नाही जात? पळवणं अजिबात अवघड नाही. आमच्या मावळात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथल्या गाड्यांच्या शर्यतीत चार बैल जुंपतात, दोन पुढे, दोन मागे. गाड्यावर माणूस नसतो. पुढे वाट दाखवायला घोडी सुटते, मागून गाडा, आणि घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, चढावर तो असा येतो की जमीन पायाखाली हलते. माझे मामा त्या घाटाच्या माथ्यावर उभे असत. मामांकडे बैल नव्हते. आमच्या वस्तीत कुणाकडेच नव्हते. पण सुटलेले बैल माथ्यावर धरणारे होते, आणि अख्ख्या पंचक्रोशीत ते नावाजलेले. भोंग्यावर गाडामालकाचं नाव पुकारलं जायचं, बैलांची नावं पुकारली जायची. धरणाऱ्याचं नाव कुणी पुकारत नाही. पण धरणारा नसेल तर ते चार बैल माथ्यावरून सुटून माणसांत घुसतात, मग कसली शर्यत आणि कसला गुलाल.

मामा मला म्हणायचे, "म्होरं हुबा राह्यलास तर तुडवत्याल. बरुबर पळायचं, धा पावलं. मंग येसण धरायची."

माझी अख्खी निवृत्ती या एका वाक्यावर चालली आहे. चौघांच्या समोर उभं राहून 'थांबा' म्हणण्यात अर्थ नसतो. ते काय लिहितायत ते त्यांच्याबरोबर पळत वाचायचं आणि बरोबर वेळी वेसण धरायची. पळवणारे आता गल्लोगल्ली झालेत.

इथे तो आवाज खाली येतो.

घुसळखांबच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथला बबन पवनानगरच्या स्टँडवर वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरून नेणारी, जीप चालवतो. त्याचा धाकटा भाऊ ज्ञानू. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी ज्ञानूला खाचरात लावणी करताना बांधाच्या दगडातून घोणस चावली. बबन घरीच होता. त्याने भावाला जीपमध्ये घातलं आणि नेहमीच्या रस्त्याने लोणावळ्याकडे आणलं, कारण दवाखाना तिकडे जवळ. भुशीच्या अलीकडे रस्ता गच्च होता. धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला आलेल्यांच्या गाड्या, मागे गाड्या, पुढे गाड्या, भाजलेल्या कणसांचा धूर, गाणी. बबनने हॉर्न दाबून ठेवला तो शेवटी हॉर्नच बसला. मग त्या गाड्यांतलीच पोरं खाली उतरली, ओल्या अंगाने पुढे धावत लोकांना हात जोडायला लागली, गाड्या ढकलून बाजूला घ्यायला लागली. वाईट नव्हती ती पोरं. पण रस्त्याला जागाच नव्हती. ज्ञानू जीपमध्येच गेला.

मागच्या बाजूने, तुंगावरून पवनानगर आणि तिथून कामशेत, हा रस्ता लांबचा आहे. पण त्या दिवशी तो मोकळा होता. बबनच्या मनातून ते जात नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा चप्पल दाराबाहेर काढून बराच वेळ उभाच राहिला.

"जयभीम, भाऊ."

"जयभीम. आत ये ना, बबन."

"तुमी कंप्युटरवाले. म्हन्त्यात चार मान्सं एकदम कामाला लावता."

"लावतो. काय करू सांग."

"कुठला रस्ता बंद हाय, कुठला उगडा हाय, येवडं फकस्त गाडी निगायच्या आदी कळाय पायजे. ज्ञानूचं झालं. दुसऱ्या कुनाचं नगं."

ते काम आम्ही केलं. घुसळखांब, तुंग, पवनानगर, कामशेत या पट्ट्यातले जीपवाले त्यात आले. त्यांच्या फोनवर दोन बटणं: रस्ता अडलेला दिसला की लाल दाबायचं, सुटला की हिरवं. वाडीतून आजाऱ्यासाठी हाक आली की जवळच्या स्टँडवर ज्याचा नंबर पहिला त्याच्या जीपला निरोप जातो, आणि सोबत कुठल्या रस्त्याने कुठल्या दवाखान्यात जायचं तेही. वाऱ्याने लिहिलं, बादलने बटणं भाकरीएवढी मोठी केली, गुंड्याने परीक्षा घेतल्या, हौशाने शेरे मारले. मी प्रत्येक ओळीबरोबर धावलो.

पहिली तक्रार यंदा ज्येष्ठात आली. तुंगाच्या रस्त्यावर झाड पडलं, एकाने लाल दाबलं. गावकऱ्यांनी झाड तोडून बाजूला केलं, पण हिरवं दाबायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे कितीतरी दिवस आमचा प्रोग्राम त्या रस्त्याला बंदच समजत राहिला. जीपवाले मला हसले. "भाऊ, तुमचं झाड अजून पडल्यालंच हाय!"

मी चौघांना सांगितलं, जुन्या बातमीवर जन्मभर विश्वास ठेवू नका. त्यांनी ठरवलं, लाल बटणाची बातमी काही तासांनी शिळी धरायची. तोवर कुणी पुन्हा लाल दाबलं नाही, तर रस्ता उघडा समजायचा. गुंड्याने झाडाचा प्रसंग घालून परीक्षा घेतली. हौशाने शेरा मारला: योग्य. चारही ठिपके हिरवे. मीही वाचलं आणि मला पटलं. झाडापुरतं ते आजही बरोबरच आहे.

मग आषाढातला एक रविवार आला. दुपारचं जेवण झालं होतं. चौघे शेठच्या कामाला जुंपलेले होते आणि मी हात धुऊन पट्टीसमोर बसलो होतो. जीपवाल्यांचा पडदा मी त्याच खिडकीच्या कोपऱ्यात कायम उघडा ठेवतो. तो वाजला. सर्पदंश. बबनच्या वाडीतून. नाव अलका.

अलका म्हणजे ज्ञानूची बायको. खाचर तेच, बांध तोच.

निरोप बरोबर गेला होता. घुसळखांबला ज्याचा नंबर होता, ती जीप निघालीसुद्धा होती. खाली रस्ता लिहिला होता: भुशीवरून लोणावळा. पुढे हिरवी खूण. रस्ता उघडा.

आणि माझ्या गल्लीत हॉर्न वाजत होते. रविवारी असतात तसेच, सकाळपासून. भुशीच्या रस्त्यावर न मावलेल्या गाड्या आमच्या गल्लीत शिरून अडकून पडतात. मी ते हॉर्न ऐकत ऐकतच जेवलो होतो. पडदा सांगत होता रस्ता उघडा, आणि गॅलरीतून दिसत होतं की या रस्त्यावर एकही गाडी हलत नाहीये.

माझी बोटं टाइप करायला लागली होती. वाऱ्याला सांगत होतो, बघ, रस्ता चुकतोय, दुरुस्त कर. सवय असते हाताला. त्याच वेळी बादलचा ठिपका पिवळा झाला. त्याला चिक्कीच्या पुड्याच्या चित्रासाठी परवानगी हवी होती.

सुनंदा मागे येऊन उभी होती. पडद्यावरचं नाव तिने वाचलं.

"अहो, काय लिहीत बसलाय? फोन लावा!"

मी चौघांना थांबवलं. त्या खिडकीत सगळ्यांना एकदम थांबवायचं एक बटण आहे. दाबलं आणि फोन घेतला. जीपवाल्याचा फोन लागेना. वाडी आणि फाटा यांच्यामधल्या रस्त्याला रेंज नसते. बबन पवनानगरच्या स्टँडवर होता, त्याचा लागला.

"बबन, अलकाला चावलंय. गाडी निघालीय, पण प्रोग्रामने भुशीवरून काढलीय."

पलीकडे जीपचं दार आपटलं.

"भुशीवरनं?" बबन म्हणाला. "रयवारी?"

एवढंच म्हणाला. पुढे फोन त्याने कुणाकुणाला लावले ते मला नंतर कळलं. घुसळखांबच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाली मावशी भर पावसात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने जीप अडवली. जीप तुंगाच्या बाजूला वळली. बबन पवनानगरहून निघाला, वाटेत दोन्ही जीपा भेटल्या, अलकाला त्याने आपल्या गाडीत घेतलं, कारण पवनानगरच्या पुढचा रस्ता त्याच्याइतका कुणाच्या सरावातला नाही. कामशेतला इंजेक्शन वेळेवर मिळालं.

तो वेळ मी त्या खुर्चीत कसा काढला, ते लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला वाटेल वाढवलंय.

अलका वाचली. पायाचं एक बोट काढावं लागलं. अजून चालताना जरा तिरकी चालते.

दुसऱ्या दिवशी मी चौघांना विचारलं, हे झालं कसं? उत्तर लगेच आणि सरळ आलं. भुशीच्या रस्त्यावर सकाळी एकाने लाल दाबलं होतं, त्यानंतर कुणीच नाही. मुदत संपली, म्हणून रस्ता उघडा धरला. जसं सांगितलं होतं तसं. यंत्राने लपवाछपवी केली नव्हती की आळस केला नव्हता. मग मी एकेका जीपवाल्याला विचारलं, तुम्ही तिथे पुन्हा लाल का दाबलं नाही? सगळ्यांचं उत्तर एकच, आणि सगळ्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "रयवारी भुशी बंद असतीय, हे काय सांगायची गोष्ट हाय का?"

पडलेल्या झाडाची बातमी होते, रविवारच्या भुशीची होत नाही. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, आणि माझे चौघे गडी तर सांगितल्याखेरीज काहीच जाणत नाहीत. चौघांनी एकमेकांचं काम तपासलं होतं. पण न सांगितलेलं चौघांनाही सारखंच न सांगितलेलं होतं. गल्लीत राहणारा मी एकटा.

मी वाऱ्याला नवा नियम दिला: लाल सांगितलेला रस्ता आपोआप उघडायचा नाही, माणसाने हिरवं सांगितलं तरच उघडायचा. त्याचा ठिपका पिवळा झाला. त्याने विचारलं, हिरवं सांगायला सगळे विसरले तर रस्ता मोकळा असूनही बंदच राहील आणि गाड्या लांबून जातील. हे चालेल का?

प्रश्न चांगला होता. उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता. मी बबनला फोन लावून तो प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला.

"चालंल," बबन म्हणाला. "लांबचा रस्ता कुनाला मारत न्हाई."

परवानगी दिली. मग वाऱ्याने आणखी एक विचारलं: भुशीच्या रस्त्याचं लाल-हिरवं कुणाच्या शब्दावर ठरवायचं, काही खास माणूस आहे का? मी बबनचं नाव घातलं.

तेव्हापासून बबन दर रविवारी फोन करतो. बटण त्याच्याकडेही आहे, भाकरीएवढं. पण बटणावर त्याचा भरवसा नाही. तो बटण दाबतो आणि वर मला फोन करतो. पावसाळा संपला, धरणाच्या पायऱ्या कोरड्या पडल्या, गल्लीत कुत्री झोपायला लागली, तरी फोन येतो. सुनंदा म्हणते, "एकदा त्या माणसाला सांगा तरी, तुम्हाला इथून दिसतं म्हणून." मी सांगितलं नव्हतं.

हा लेख लिहीत असताना गेल्या रविवारी मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. चौघे कामात होते, दोन ठिपके पिवळे, कुणाला काय हवं ते बघायचं होतं, आणि फोन वाजला.

"जयभीम भाऊ. भुशीचा रस्ता उगडा हाय."

"अरे हो बबन, ठाऊक आहे मला. गॅलरीतच उभा आहे."

"ठाऊक हाय, म्हनूनच सांगतोय."

त्याच्या मागे कुठेतरी जीपचं इंजिन चालू होतं, आणि कुणीतरी बाई त्याला म्हणत होती, चला की भाऊजी, उशीर होतोय.

"अलका आहे का?" मी विचारलं.

"हाय. लोनावळ्याच्या बाजाराला निगालीय," बबन म्हणाला. "घातलं का तुमी हिरवं?"

मी बसलो. पिवळे ठिपके तसेच राहू दिले आणि आधी हिरवं घातलं.

"घातलं."

"मंग निगतो," तो म्हणाला, आणि भुशीच्या रस्त्याने निघाला.